काले ते एकशे एक : एका संस्थेच्या ध्येयांचा इतिहास

संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण झाली की तिच्या स्मरणिकेत कार्याचा आढावा, विश्वस्तांची छायाचित्रे आणि देणगीदारांची नामावली प्रसिद्ध होते. ते उचितच आहे. परंतु अशा प्रसंगी एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. काम करणाऱ्या माणसांपुढे ध्येय ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे? ते कोणी ठेवायचे, कोणत्या शब्दांत ठेवायचे, आणि ज्यांनी ते पार पाडायचे त्यांच्या अंतःकरणात ते उतरते कसे? हल्ली हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राचा समजला जातो आणि त्याची उत्तरे परदेशी ग्रंथांत शोधली जातात. मला मात्र त्याचे उत्तर सातारा जिल्ह्याच्या इतिहासात सापडले, म्हणून ते येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

या प्रश्नामागे थोडे स्वानुभवाचेही कारण आहे. माझी उभी हयात नोकरीत गेली. दरवर्षी एप्रिल उजाडला की वरिष्ठ कार्यालयाकडून उद्दिष्टांचे परिपत्रक येई. त्यात नुसते आकडे असत. मागील वर्षाच्या आकड्यात काही टक्के मिळवले की नवा आकडा तयार, एवढेच त्यामागचे गणित असावे. तो आकडा कशासाठी, तो गाठला तर कोणाचे काय भले होणार, हे त्या कागदात कधी लिहिलेले नसे, आणि आम्हीही कधी विचारले नाही. मार्चअखेरीस बहुतेक उद्दिष्टे कागदोपत्री पूर्ण होत. माझे एक सहकारी ते परिपत्रक आल्याबरोबर टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवीत आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्यावरच नवे सरकवीत. ते आळशी मुळीच नव्हते. त्या कागदाशी त्यांचे काही नातेच जडले नव्हते, इतकेच.

निवृत्तीनंतर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्राचे वाचन करीत असता रयत शिक्षण संस्थेच्या मूळ उद्दिष्टांपाशी मी थबकलो. चार-सहा ओळींचा तो मजकूर वाचताना काचेखालच्या त्या कागदाची आठवण झाली आणि दोहोंतील अंतर जाणवले.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणे जैन, शेतकरी आणि वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील महसूल खात्यात कारकून असल्याने बदलीच्या गावी बिऱ्हाड फिरे. पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले आणि तेथील जैन बोर्डिंगात राहू लागले. कोल्हापुरास त्या काळी छत्रपती शाहू महाराजांच्या प्रेरणेने निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले, आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करावे ही बोर्डिंगची अट त्यांनी मानली नाही. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगचे तत्कालीन अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे हे पुरोगामी विचारांचे, विद्वान आणि समाजाची कळकळ असलेले गृहस्थ होते, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. जैन समाजाच्या स्मरणिकेत हा प्रसंग वगळून लिहिणे सोपे आहे. पण तो वगळला तर पुढचे काहीच नीट कळत नाही. चांगल्या हेतूने स्थापन झालेल्या संस्थेतही नियम हेतूच्या पुढे जाऊन बसू शकतो, हे भाऊरावांनी एकविसाव्या वर्षी स्वतःच्या अंगावर अनुभवले. आणि याच लठ्ठ्यांना राजपुतळ्यास डांबर फासल्याच्या प्रकरणात १९१४ मध्ये गोवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास भाऊरावांनी साफ नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास सोसला. राग धरणारा माणूस असे वागत नाही.

मॅट्रिकची परीक्षा काही त्यांना पार करता आली नाही. साताऱ्यात शिकवण्या केल्या, पुढे ओगले यांच्या काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. या विक्रेतेपणाकडे चरित्रकार बहुधा ओझरते पाहतात. माझ्या मते तो त्यांच्या जीवनातील फार महत्त्वाचा कालखंड आहे. लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरविणे ही सामान्य गोष्ट नव्हती. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत रूढ होती, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली होती. अशा मालाचा विक्रेता शेतकऱ्यापुढे जाऊन आपल्या विक्रीचा आकडा सांगत बसला तर त्याला कोणी उभेही करणार नाही. शेतकऱ्याच्या रानात जाऊन, त्याच्याच बैलांना नांगर जुंपून, त्याच्याच मातीत तास काढून दाखवावा लागतो. दुसऱ्याच्या मनात एखादी गोष्ट उतरवायची तर ती त्याच्या गरजेच्या भाषेत आणि त्याच्या डोळ्यांदेखत व्हावी लागते, हे शिक्षण भाऊरावांना कोणत्याही वर्गात मिळाले नाही. ते बांधावर मिळाले. शिवाय या फिरतीत त्यांना दिसले ते असे की, ज्या घरात नांगर घेण्याची ऐपत आहे त्या घरातही पावती वाचणारे कोणी नाही.

दूधगाव येथे १९१० च्या सुमारास काही सहकाऱ्यांबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढण्याच्या कामात भाग घेतला होता. तो अनुभव जमेस धरून ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराड तालुक्यातील काले या गावी, सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय बत्तीस होते. संस्थेजवळ इमारत नव्हती, ठेव नव्हती, मोठ्या धनिकाचे नाव नव्हते. होती ती फक्त लिहून काढलेली उद्दिष्टे.

ती उद्दिष्टे थोडक्यात अशी. मागासलेल्या वर्गांतील मुलांत शिक्षणाची आवड उत्पन्न करणे व वाढविणे. त्यांतील गरीब मुलांना विनामूल्य शिक्षण देणे. निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत परस्परांविषयी प्रेमभाव निर्माण करणे. अयोग्य रूढींना फाटा देऊन खऱ्या विकासाचे वळण लावणे. मुले काटकसरी, स्वावलंबी, शीलवान व उत्साही व्हावीत यासाठी झटणे. आणि बहुजनांतील शिक्षणाच्या प्रसारासाठी आवश्यकतेप्रमाणे संस्थेचे कार्यक्षेत्र वाढविणे.

सुज्ञ वाचकांनी या वाक्यांकडे जरा निरखून पाहावे. पहिले उद्दिष्ट शाळा काढण्याचे नाही, आवड उत्पन्न करण्याचे आहे. शाळा काढली आणि मुले आलीच नाहीत, हा अनुभव त्या काळात नवा नव्हता. रोग कोठे आहे हे ज्याने गावोगाव हिंडून पाहिले आहे, त्यालाच पहिल्या ओळीत हे लिहिणे सुचते. दुसरे असे की, यातील प्रत्येक ओळीत कोणासाठी काम करायचे ते स्पष्ट सांगितले आहे. ‘समाजाची सर्वांगीण उन्नती’ यासारखे शब्द, जे आपण सर्वच संस्थांच्या घटनांत हौसेने घालतो, ते येथे नाहीत. आणि एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे : मुलींचा स्वतंत्र उल्लेख या ओळींत नाही.

तिसरे उद्दिष्ट, परस्पर प्रेमभावाचे, वाचायला सर्वांत मोघम वाटते. प्रेमभाव मोजणार कसा? पण भाऊरावांनी त्याला असे रूप दिले की त्यात संशयाला जागाच राहिली नाही. सर्व जातिधर्मांची मुले एका वसतिगृहात राहतील, मिळून स्वयंपाक करतील आणि एका पंक्तीला जेवतील. पंक्ती एक आहे की दोन, हे दारातून डोकावणाऱ्या कोणालाही दिसते. कोल्हापुरात एका स्नानावरून घडलेल्या प्रसंगाचे उत्तर त्यांनी स्वयंपाकघरातून दिले. आजच्या परिभाषेत बोलायचे तर हे उद्दिष्ट तपासून पाहण्याजोगे होते. आणि ते तपासायला निरीक्षकाची गरज नव्हती, रोज दोन वेळा चूल पेटत होती. जातवार वसतिगृहांनी त्या काळात मोठे कार्य केले, त्यांचे ऋण कोणीही नाकारू नये. तथापि भाऊरावांनी जाणूनबुजून निराळी वाट धरली आणि ती कोणत्या वाक्यामुळे धरली हे आपल्याला दाखविता येते. ध्येयाचे वाक्य खरोखर कामाचे आहे की नाही, याची ही एक चांगली कसोटी म्हणता येईल.

१९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी त्याला भेट दिली आणि ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे त्याचे नामकरण त्यांच्या हस्ते झाले. धनिणीच्या बागेतील या वसतिगृहाची वर्णने अनेकांनी केली आहेत, त्यांची पुनरुक्ती करीत नाही. मुले पाणी भरीत, लाकडे फोडीत, पिठाची व्यवस्था पाहत, शेतात राबत. गावोगावच्या घरांतून दळणाआधी बाजूला काढलेले मूठभर धान्य गोळा होऊन येई. देणाऱ्या बाईला आपली मूठ कोठे जाते हे माहीत असे. ज्या पोरांसाठी ती जाई त्यांना ती कोठून येते हे माहीत असे. ध्येय हे एकट्या संस्थापकाचे राहिले नाही ते या मुठीमुळे, असे मला वाटते.

मात्र येथे एका व्यक्तीचे स्मरण केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या ‘वहिनी’ होत. वसतिगृहातील मुलांचे खाणेपिणे, दुखणेखुपणे त्यांनी पाहिले आणि अडचणीच्या वेळी एकेक करून अंगावरचे दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही विकले गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेची खरी भरभराट त्यांना पाहता आली नाही. आपण या त्यागाचे गोडवे गातो, पण त्यात एक बोचणारा प्रश्नही दडलेला आहे. ध्येय एक जण ठरवितो आणि त्याची किंमत पुष्कळदा दुसरा मोजतो. काले येथील परिषदेत लक्ष्मीबाईंचे मत कोणी विचारले असेल असे वाटत नाही. त्यांनी ते ध्येय नंतर स्वतःचे केले, हा त्यांचा मोठेपणा. पण प्रत्येक संस्थेच्या इतिहासात अशी माणसे असतात, ज्यांच्या संमतीवाचून ध्येयाचा भार त्यांच्यावर पडतो, आणि त्यांच्यातील सर्वच काही लक्ष्मीबाई नसतात.

यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत संस्थेने जी पावले टाकली त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९३२ मध्ये पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय सुरू झाले. सम्राट पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणाचा तो रौप्यमहोत्सव होता, म्हणून त्याला ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ असे नाव मिळाले. पुढे ते महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. याच वर्षी संस्थेची रीतसर नोंदणी झाली. म्हणजे हायस्कूल काढण्याआधी पाच वर्षे त्यांनी शिक्षक घडविण्याची व्यवस्था केली. शाळा हव्यात, पण खेड्यात जाऊन राहील, तेथली भाकरी गोड मानील आणि घरोघर हिंडून मुले गोळा करील असा शिक्षक नसेल तर शाळेची इमारत काय कामाची? म्हणून आधी शिक्षक. मग १९३७ नंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे सरकार आले आणि जेथे शाळा नाही अशा खेड्यांत स्वयंसेवी शाळा काढणाऱ्यांना अनुदान देण्याची योजना निघाली. तिचा लाभ घेण्यास संस्थेजवळ माणसे तयार होती! साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या पठारापासून डोंगरदऱ्यांतील वाड्यावस्त्यांपर्यंत शेकडो स्वयंसेवी शाळा तिने उभ्या केल्या. ज्याची तयारी आधी झालेली असते त्यालाच अशी संधी दिसते; एरवी योजना येतात आणि जातात.

१९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. बडोद्याचे सयाजीराव महाराज त्याच्या आदल्या वर्षीच दिवंगत झाले होते. येथे ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत माध्यमिक शिक्षणास जोडली गेली. विद्यार्थ्याने श्रम करावेत आणि त्या श्रमांतून आपल्या शिक्षणाचा भार उचलावा, या विचाराला संस्थेने ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ असे शब्द दिले. पाचव्या उद्दिष्टातील ‘काटकसरी, स्वावलंबी’ हे शब्द आणि हे ब्रीद यांतील नाते उघड आहे. एकवीस वर्षांपूर्वीचे वाक्य विस्मरणात गेले नव्हते; ते आखूड होऊन भिंतीवर आले होते. लांब वाक्य समितीला पुरते. खोरे घेऊन शेताकडे निघालेल्या पोराला पाचच शब्द लागतात, आणि ते शब्द त्याला दान घेणारा ठरवीत नव्हते, कमावता ठरवीत होते. प्रेरणा देणे, प्रेरणा देणे असे आपण ज्याला म्हणतो ते याहून निराळे काय असते?

१९४७ च्या जूनमध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. याच्या नावासंबंधीची गोष्ट प्रसिद्ध आहे. मोठी देणगी देऊ, पण नाव बदला, असे कोणी सुचविले असता भाऊरावांनी ती नाकारली. संस्थेला पैशाची नड किती होती हे ध्यानी घेतले म्हणजे या नकाराचे वजन कळते. ध्येय स्पष्ट असण्याचा एक व्यावहारिक उपयोग हा आहे की, नाही कोठे म्हणायचे ते ठरविताना रात्र जागावी लागत नाही.

आता एकशे एकच्या आकड्याकडे वळू. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली. पश्चिम महाराष्ट्रात त्यानंतर जे जाळपोळीचे दिवस आले ते पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. अशा वातावरणात भाऊरावांनी संकल्प जाहीर केला की, गांधीजींच्या नावाने एकशे एक हायस्कुले काढीन. शोकाच्या घडीला कोणी पुतळा उभारतो, कोणी चौकाला नाव देतो. येथे एक आकडा उच्चारला गेला, आणि तो संस्थेच्या तत्कालीन बळाच्या मानाने केवळ अवाढव्य होता. माध्यमिक शाळा म्हणजे काही स्वयंसेवी शाळा नव्हे. तिला पदवीधर शिक्षक लागतात, विज्ञानाची साधने लागतात, खोल्या लागतात.

त्यात भर अशी की, याच सुमारास सरकारवर केलेल्या परखड टीकेमुळे संस्थेचे अनुदान बंद झाले. आकडा जाहीर झालेला आणि तिजोरी रिकामी, अशी ही अवस्था होती. शहाणपण सांगत होते की संकल्प मागे घ्यावा, निदान त्याची मुदत मोघम करावी. तसे घडले नाही. लोकांनी हात दिला. अखेर संत गाडगेबाबांनी मध्यस्थी करून बाळासाहेब खेरांना विनविले आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. निरक्षर म्हणून वावरणारा, खराटा हाती घेतलेला एक संत मुख्यमंत्र्याकडे जाऊन शाळांसाठी शब्द टाकतो, याहून संस्थेच्या पहिल्या उद्दिष्टाची मोठी पावती ती कोणती? आवड उत्पन्न झाली होती. १९५४ मध्ये कराडला निघालेल्या महाविद्यालयाला संस्थेने गाडगे महाराजांचेच नाव दिले.

या एकशे एकच्या आकड्याविषयी माझ्या मनात दोन विचार येतात आणि ते परस्परांच्या विरुद्ध आहेत. आकडा सर्वांना कळतो, ही त्याची शक्ती. खेड्यातील शेतकऱ्याला संस्थेची घटना कळणार नाही. पण अण्णा एकशे एक शाळा काढणार आहेत आणि त्यांतली एक आपल्या गावात यायला हवी, एवढे त्याला कळते. मग तो जागा देतो, दगड वाहतो, पोरे गोळा करतो. शंभरावर एक ही शुभशकुनाची संख्या आहे, आहेराच्या पाकिटातली. ती निवडण्यातही लोकांची भाषा होती. परंतु त्याच वेळी आकडा फार थोडे सांगतो. शाळेत काय शिकविले जाते, तेथला मास्तर मुलाला हाक कशी मारतो, पंक्ती एक आहे की दोन, हे एकशे एक या संख्येत कोठेच नाही. माझ्या कार्यालयातील परिपत्रकही आकड्यांनीच भरलेले असे. तेव्हा फरक आकड्यात नव्हता. भाऊरावांच्या आकड्यापाठीमागे एकोणतीस वर्षांची ती वाक्ये उभी होती आणि त्या वाक्यांप्रमाणे जेवलेली, राबलेली, शिकलेली शेकडो मुले मोठी होऊन आता शिक्षक झाली होती. संस्थेचे आजीव सेवक म्हणून थोड्या वेतनात आयुष्य देणारी माणसे यांतूनच निघाली. साताऱ्याच्या वसतिगृहात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले ते संस्थेच्या कामाला लागले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशा मंडळींपुढे एकशे एकचा आकडा ठेवला तर त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. तो आधी आणि वाक्ये नंतर असा क्रम असता, तर तोही बहुधा काचेखाली गेला असता.

गंमत अशी की, ज्या १९५४ साली कराडचे महाविद्यालय निघाले त्याच साली अमेरिकेत पीटर ड्रकर यांचा ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. उद्दिष्टांच्या साहाय्याने व्यवस्थापन ही कल्पना त्यामुळे जगभर गेली. प्रत्येकाचे काम संस्थेच्या हेतूशी जोडलेले असावे आणि आपली उद्दिष्टे ठरविण्यात त्याचा स्वतःचा सहभाग असावा, असा त्याचा आग्रह होता. पुढे १९६८ मध्ये एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ‘होईल तितके चांगले करा’ असे सांगण्यापेक्षा निश्चित आणि कठीण असे उद्दिष्ट दिले असता माणसाच्या हातून अधिक काम होते; अट एवढीच की, त्याने ते उद्दिष्ट मनापासून स्वीकारलेले असले पाहिजे. ही अट आमच्याकडे परिपत्रके काढणाऱ्यांच्या वाचनात आली नसावी. भाऊरावांनीही ड्रकर वाचला असण्याचे कारण नाही. त्यांना मनापासून स्वीकारणे म्हणजे काय हे नांगराच्या व्यवसायात कळले होते.

येथे कोणी असे म्हणेल की, भाऊरावांसारखा पुरुष शतकातून एखादा होतो, त्याची उपमा सामान्य कार्यालयांना, पेढ्यांना, विश्वस्त संस्थांना कशी लागू पडावी? आक्षेप रास्त आहे. त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव, दाढीधारी भव्य मूर्ती, प्रसंगी कठोर होणारा स्वभाव, हे सारे नकलून घेण्यासारखे नव्हेच. संस्थेच्या यशात काळाचाही वाटा होता. शाहू महाराजांनी भूमी नांगरून ठेवली होती, सत्यशोधक चळवळीने गावोगाव माणसे जागी केली होती, आणि १९५१ च्या जनगणनेतही देशातील साक्षरता अवघी १८ टक्क्यांच्या आसपास असल्याने गरज तर अफाटच होती. पण म्हणूनच मी त्यांच्या स्वभावाविषयी थोडे आणि कागदावरील ओळींविषयी अधिक लिहिले. ओळी कोणालाही लिहिता येतात. त्या लिहिण्यापूर्वी किती गावे हिंडलो, एवढाच काय तो प्रश्न.

१९५९ हे भाऊरावांच्या आयुष्याचे अखेरचे वर्ष. त्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी अर्पण केली. मॅट्रिकची परीक्षा जो कधी उत्तीर्ण झाला नाही, त्याच्या नावापुढे विद्यापीठाची सर्वोच्च पदवी लागली. ९ मे १९५९ रोजी त्यांचे देहावसान झाले. तोवर संस्थेच्या माध्यमिक शाळांची संख्या शंभरी ओलांडून गेली होती. संकल्प जाहीर झाल्यापासून अकरा वर्षे लोटली होती.

संस्थेचा विस्तार त्यानंतरही चालू राहिला आणि २०१९ मध्ये तिने शताब्दी साजरी केली. मूळ उद्दिष्टांत मुलींचा स्वतंत्र उल्लेख नव्हता असे मी वर म्हटले. शेवटच्या कलमात मात्र कार्यक्षेत्र आवश्यकतेप्रमाणे वाढविण्याची मोकळीक ठेवलेली होती. तिचा आधार घेऊन साताऱ्यास जिजामातेच्या नावाने अध्यापिका विद्यालय निघाले, ठिकठिकाणी कन्याशाळा निघाल्या, आणि सोलापूर येथे संस्थेचे महिला महाविद्यालय उभे राहिले. त्या महाविद्यालयास नाव आहे ते लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांचे.